विश्लेषण : छपरावरची शिशाची पट्टी घर कोरडे कसे ठेवते? ती बदलताना फसगत कुठे होते?

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे जुनी, विटांची आणि उतरत्या छपराची घरे विकत घेतात. घराच्या पाहणी अहवालात ‘फ्लॅशिंग’ हा शब्द हमखास भेटतो. छताच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली की कौले फुटली असावीत, असा पहिला संशय येतो. प्रत्यक्षात गळतीचे मूळ अनेकदा कौलांत नसून छप्पर आणि भिंत जेथे भेटतात, तेथील शिशाच्या पट्टीत असते. ही पट्टी काय काम करते, ती का निकामी होते आणि बदलताना काय तपासावे, याविषयी...

फ्लॅशिंग म्हणजे नेमके काय?

कौले एकमेकांवर चढवलेली असतात, त्यामुळे त्यांच्यावरून पाणी सहज खाली वाहून जाते. पण धुराडे, शेजारची उंच भिंत किंवा छपरातील खिडकी मध्ये आली की कौलांची ओळ तुटते आणि तेथे फट राहते. ही फट झाकणारी धातूची पट्टी म्हणजे फ्लॅशिंग. तिची वरची कड भिंतीच्या विटांमधील सांध्यात खोचलेली असते, तर खालचा भाग कौलांवर पसरलेला असतो. भिंतीवरून ओघळणारे पाणी त्यामुळे आत न शिरता कौलांवर येते.

आपल्याकडे गच्ची आणि पॅरापेटच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर ‘वाटा’ काढतात, त्यामागचा हेतूही हाच. फरक एवढाच, की सिमेंट ताठर असते आणि हालचाल झाली की तडकते. शिसे वाकते.

शिसेच का वापरतात?

शिसे मऊ असते. लाकडी हातोडीने ठोकून ते कौलांच्या चढउतारावर जसेच्या तसे बसवता येते. ते गंजून झडत नाही. हवेच्या संपर्कात त्यावर राखाडी थर चढतो आणि तोच पुढे त्याचे रक्षण करतो. शिवाय त्याची घनता पाण्याच्या ११ पटींहून अधिक असल्याने पट्टी वाऱ्याने सहजासहजी उचलली जात नाही. नीट बसवलेले शिसे अनेक दशके टिकते. जुना पत्रा वितळवून पुन्हा वापरता येतो.

‘कोड ४’, ‘कोड ५’ ही काय भानगड?

ब्रिटनमध्ये शिशाचा पत्रा कोडने ओळखला जातो. एक चौरस फूट पत्र्याचे वजन किती पौंड, यावरून हा आकडा मुळात आला. कोड ३ ची जाडी १.३२ मिमी, कोड ४ ची १.८० मिमी आणि कोड ५ ची २.२४ मिमी असते. गुंडाळीवर ओळखीसाठी रंगही असतो : कोड ३ ला हिरवा, ४ ला निळा, ५ ला लाल. घराच्या साध्या फ्लॅशिंगसाठी सहसा कोड ४ वापरतात. कौलांच्या प्रत्येक ओळीखाली दडणाऱ्या लहान तुकड्यांसाठी कोड ३ चालतो.

वजनाचा अंदाज घ्यायचा तर कोड ४ चा एक चौरस मीटर पत्रा सुमारे २० किलो भरतो. म्हणजे दीड मीटर लांब आणि ३० सेंमी रुंद तुकडा साधारण ९ किलोंचा. तो घेऊन शिडीवर चढणे हे घरमालकाने रविवारी उरकण्याचे काम नाही.

पट्टी निकामी का होते?

सर्वांत मोठे कारण तापमान. शिसे पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. दीड मीटरचा तुकडा ५० अंशांच्या फरकाने सुमारे २ मिमी लांब होतो. सहा मीटरची एकसंध पट्टी टाकली तर हीच वाढ जवळपास ९ मिमी होते. उन्हात गडद पत्रा तापतो, रात्री थंडीत आकसतो. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. हालचालीला वाव नसेल तर पत्रा फुगतो, सुरकुततो आणि शेवटी चिरतो. म्हणूनच कोड ४ आणि ५ च्या फ्लॅशिंगचा एक तुकडा १.५ मीटरपेक्षा लांब नसावा, हा या कामातला मूळ नियम आहे. काम लवकर आटोपण्यासाठी किंवा सांधे कमी दिसावेत म्हणून लांब पट्टी टाकली, की बिघाडाची सुरुवात तेथेच होते.

दुसरे कारण सांध्यातील चुना किंवा सिमेंट झडणे. पत्रा शाबूत असतो, पण वरची कड सैल होऊन पाणी मागून उतरते. अशा वेळी पूर्ण पट्टी बदलण्याची गरज नसते. सांधा साफ करून पट्टी पुन्हा पक्की केली तरी भागते. तिसरे कारण चोरी. भंगारात शिशाला भाव मिळत असल्याने चर्च आणि जुन्या इमारतींच्या छपरांवरून ते चोरीला जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या भंगार व्यापार कायद्याने भंगाराचे पैसे रोखीने देण्यास बंदी आहे आणि विकणाऱ्याची ओळख तपासणे बंधनकारक आहे.

नवी पट्टी बसवण्याची योग्य पद्धत कोणती?

आधी परांची बांधली जाते. जुनी पट्टी काढून विटांमधील सांधा किमान २५ मिमी खोल मोकळा करतात. पट्टीची वरची कड दुमडून त्यात घालतात आणि शिशाच्याच लहान पाचरी ठोकून ती घट्ट करतात. दोन पाचरींमधील अंतर ४५० मिमीपेक्षा जास्त नसावे. त्यानंतर सांधा शिशासाठीच्या लवचीक सीलंटने किंवा चुना-सिमेंटच्या मालाने भरतात.

शेजारचे दोन तुकडे एकमेकांवर किमान १०० मिमी चढलेले हवेत. पट्टी भिंतीवर साधारण १५० मिमी वर आणि कौलांवर किमान १५० मिमी खाली यायला हवी. मोकळ्या, वादळी जागी हे माप वाढवतात. खालची कड वाऱ्याने उचलली जाऊ नये म्हणून क्लिपा लावतात.

धुराड्याभोवती क्रमही महत्त्वाचा. आधी समोरची पट्टी, मग दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या, सर्वांत शेवटी मागची पन्हळ. वरचा तुकडा नेहमी खालच्यावर चढला पाहिजे. हा क्रम उलटला तर सांधाच पाण्याला आत घेतो. शेवटी लगेच पॅटिनेशन तेल लावतात. ते न लावल्यास पहिल्या पावसात नव्या शिशावर पांढरा थर येतो आणि त्याचे ओघळ कौलांवर व विटांवर उतरतात.

फसगत कुठे होते?

‘वरून सिलिकॉन मारून देतो’ हे सर्वांत परिचित आश्वासन. चिरलेल्या पत्र्यावर सीलंट किंवा चिकटपट्टी काही काळ पाणी अडवते, पण पत्र्याची हालचाल सुरूच राहते आणि चीर पुन्हा उघडते. शिशाच्या जागी नुसता सिमेंटचा थर देणे हाही तसाच तात्पुरता उपाय. त्यामुळे कोटेशनमध्ये पत्र्याचा कोड, तुकड्याची कमाल लांबी, जोडाचे माप, परांचीचा खर्च आणि जुने शिसे कोण नेणार, हे लेखी मागावे. जुन्या शिशालाही किंमत असते. काम सुरू असताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे मागितल्यास खालून न दिसणारे कामही तपासता येते.

आरोग्य आणि कायद्याचे काय?

शिसे विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार शिशाच्या संपर्काची कोणतीही पातळी निर्धोक असल्याचे ज्ञात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. छपरावर बसलेल्या पत्र्याचा घरातल्यांना थेट संपर्क होत नाही. काळजी घ्यावी लागते ती पट्टी काढताना. तेव्हा धूळ आणि तुकडे अंगणात पडतात. मुलांना दूर ठेवावे, तुकडे उचलून जागा स्वच्छ करावी. कारागिरांनी हातमोजे वापरावेत आणि खाण्यापूर्वी हात धुवावेत. त्यांच्या संरक्षणासाठी ब्रिटनमध्ये २००२ चे स्वतंत्र नियम आहेत. छपराचे पाणी पिण्यासाठी साठवायचे असेल तर शिसे टाळावे. ॲल्युमिनियमचा आधार असलेल्या पर्यायी पट्ट्या बाजारात मिळतात.

शेजाऱ्याच्या भिंतीत खाच पाडून फ्लॅशिंग खोचायचे असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या सामाईक भिंत कायद्याखाली आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

घर घेताना काय पाहावे?

कर्ज देणाऱ्या बँकेचे मूल्यांकन म्हणजे घराची पाहणी नव्हे. स्वतंत्र सर्व्हेअरच्या अहवालात बहुधा १, २, ३ अशी श्रेणी असते. ३ म्हणजे तातडीची किंवा गंभीर दुरुस्ती. धुराड्यासमोर ३ दिसल्यास सौदा पक्का होण्यापूर्वी दुरुस्तीचे कोटेशन घेऊन किमतीत घासाघीस करता येते. नंतर विम्यावर विसंबणे धोक्याचे, कारण हळूहळू झालेली झीज घरविम्यातून सर्वसाधारणपणे वगळलेली असते. दरवर्षी हिवाळ्यापूर्वी जमिनीवरूनच मोबाइलचा कॅमेरा झूम करून उचललेली कड, चिरा आणि मोकळे झालेले सांधे पाहता येतात. सांधा भरण्याचे लहान काम वेळेवर झाले, तर वासे कुजण्यापर्यंत वेळ येत नाही.