पाचोळ्याखालचं बोंड

चार्ल्स डार्विन एकदा आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, बिया मोजायला बसला. झाड इंग्लंडच्या माळरानावरचं, ठिपकेदार पानांचं, अगदी साधं. एका बोंडात सुमारे 6,200 बिया, झाडाला तीसेक बोंडं, एकूण 1,86,300. सगळ्या रुजल्या तर या एकट्या झाडाची पणतवंडं पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन झाकून टाकतील, असा त्याचा हिशेब निघाला. प्रत्यक्षात आमरी हुडकत फिरावं लागतं. मग एवढ्या बिया जातात कुठे?

हा प्रश्न माळ्यांनाही छळत होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या धनिकांना आमरीचं वेड लागलं होतं. दूरदूरची जंगलं ओरबाडून जहाजांतून झाडं यायची, काचघरांत फुलायची, बोंडंही धरायची. पण बी पेरलं की बहुतेक वेळा काहीच हाती लागत नसे. मूळ झाडाच्याच कुंडीत बी भुरभुरलं तर कधीमधी चार रोपं येतात, एवढं अनुभवाने कळलं होतं. का येतात, ते सांगता येत नव्हतं.

हरभऱ्याचा दाणा सोलला की दोन जाड डाळी दिसतात. ती कोवळ्या रोपाची शिदोरी. आमरीच्या बीला शिदोरीच नसते. थोड्याशा पेशींचा गोळा, भोवती जाळीदार पापुद्रा, बस्स. वाऱ्यावर दूर जाण्यासाठी तिने सगळं ओझं टाकून दिलेलं. अशा रिकाम्या हाताच्या बीला जगवतं कोण?

उत्तर सापडलं ते एका पडलेल्या दांड्यावर. नोएल बेर्नार हा 25 वर्षांचा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा पॅरिसजवळ सक्तीची लष्करी सेवा करत होता. 3 मे 1899 रोजी तो फाँतेनब्लोच्या जंगलात फिरत होता. तिथे एक विलक्षण आमरी उगवते. तिला हिरवी पानं नाहीत, सगळं अंग तपकिरी, आणि मुळांचा गुंता असा की लोक तिला ‘पक्ष्याचं घरटं’ म्हणतात. तिचा गेल्या वर्षीचा वाळका दांडा पाचोळ्याखाली गाडला गेला होता. त्यावरची बोंडं मातीतच राहिली होती आणि आतल्या बिया चक्क रुजल्या होत्या. एकदोन नव्हे, ढीगभर! ज्यासाठी माळी जन्मभर खपले, ते इथे कुणीही न पेरता झालं होतं.

बेर्नारने त्या बिया सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. रुजलेल्या प्रत्येक बीत बुरशीचे तंतू शिरलेले होते. आमरीच्या मुळांत बुरशी असते हे आधीच माहीत होतं, पण तिच्यावाचून बी रुजतच नाही, हा विचार नवा होता. बारा दिवसांत, 15 मे रोजी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात त्याचं टिपण आलं.

टिपण म्हणजे पुरावा नव्हे. पुढे नॉर्मंडीतल्या काँ शहरात त्याने आमरीची बुरशी वेगळी काढून वाढवली आणि निर्जंतुक काचनळ्यांत बियांशी तिची गाठ घालून दिली. बुरशीवाचून बिया खोळंबून राहिल्या. बुरशी मिळाल्यावर त्यांतल्या काहींची रोपं झाली. मला सगळ्यात थरारक वाटतो तो मधला झगडा. कधी बुरशी बीला खाऊन टाके. कधी बी बुरशीला आत शिरू देत नसे, आणि उपाशी राही. दोघांचं बळ बरोबर तोललं गेलं तरच रोप वाढे: तंतू पेशींत शिरून वेटोळी घालत, आणि आतल्या पेशी ती वेटोळी पचवून टाकत. बेर्नारला या सहजीवनात प्रेमळ भागीदारी दिसली नाही. आजाराच्या उंबरठ्यावर उभं असलेलं नातं त्याला दिसलं.

तो स्वतः क्षयाने आजारी पडला. प्वातिएच्या विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर तीन वर्षांच्या आत, जानेवारी 1911 मध्ये, तो गेला. वय अवघं 36.

1922 मध्ये अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसनने दाखवलं की काचपात्रातल्या पोषक जेलीत साखर घातली तर बुरशीविनाही बी रुजतं. म्हणजे बुरशी जे भरवत होती त्यातलं मुख्य अन्न साखरच. आज बाजारात जे ऑर्किड दिसतं, त्यामागे ही युक्ती आहे. रानात मात्र अजून बुरशीच लागते. सह्याद्रीत फांदीवर लोंबणारी सीतेची वेणीही तशीच जन्मते. ती ओरबाडून कुंडीत लावली तर तिची ही दाई सोबत येईलच असं नाही.

फाँतेनब्लोच्या त्या तपकिरी आमरीचं एक गुपित बेर्नारनंतर बऱ्याच वर्षांनी उलगडलं. तिला पोसणारी बुरशी जंगलातल्या मोठ्या झाडांच्या मुळांनाही जोडलेली असते. उंच पानांत उन्हाची साखर होते, मुळांत उतरते, बुरशीच्या तंतूंतून आमरीपर्यंत पोचते. बेर्नार पाचोळ्यावर वाकला होता, तेव्हा ती पानं त्याच्या डोक्यावरच होती.