खिडकीमागची नोंदवही

भायखळ्याला आगगाडीचे अप्रूप नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच पुढे गेली. परंतु लांबच्या गाडीचे आरक्षण करताना खिडकीमागे काय घडते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

आपला अर्ज कारकुनाच्या हाती पडतो. तो आधी नुसता अर्ज पाहतो. गाडीचा क्रमांक पाच आकडी आहे ना? वयाच्या रकान्यात आकडाच आहे ना? एका अर्जावर सहांपेक्षा जास्त प्रवासी तर नाहीत? हे अर्ज वाचूनच कळते. मग दुसऱ्या प्रकारचे प्रश्न येतात. या क्रमांकाची गाडी खरोखर आहे का? ती त्या दिवशी धावते का? बर्थ शिल्लक आहे का? यांची उत्तरे अर्जात नसतात. त्यासाठी नोंदवही उघडावी लागते.

ही नोंदवही पूर्वी कागदाची होती. १९८५ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाला सुरुवात झाली. पुढे ते मुंबईतही आले, आणि ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली. आता नोंदवही म्हणजे डेटाबेस आणि खिडकी म्हणजे एपीआय. या खिडकीवर माणसाऐवजी फोनमधली आज्ञावली अर्ज घेऊन येते.

अशी छोटी खिडकी पायथन भाषेत तुम्हालाही लिहिता येईल. फास्ट-एपीआय हे साधन घेतले, तर अर्ज वाचण्याचे काम त्यातील पायडँटिक करते. वयाच्या जागी कोणी 'बारा' असे अक्षरी लिहिले, की अर्ज ४२२ हा संकेतांक घेऊन परत! नोंदवहीला विचारावेही लागत नाही. नोंदवहीची तपासणी त्यानंतर, वेगळ्या टप्प्यावर करावी. कारण प्रत्येक विचारणेला वेळ लागतो. क्रमांक पाच आकडी आहे, पण तशी गाडीच नाही, असे तेथे आढळले तर उत्तर ४०४.

मग स्थानकांची यादी आज्ञावलीतच लिहून ठेवली तर? २०१७ साली सीएसटीएम या संकेताचा सीएसएमटी झाला, २०१८ साली बीसीटीचा एमएमसीटी. आज्ञावलीतली यादी जुनीच राहिली, तर बरोबर अर्जही चूक ठरेल. म्हणून बदलणारी माहिती एकाच जागी, नोंदवहीत ठेवावी.

आता खरी अडचण पाहू. समजा, रत्नागिरीच्या गाडीत एकच बर्थ उरला आहे. भायखळ्याच्या एका फोनवरून विचारणा झाली, 'बर्थ आहे का?' नोंदवही म्हणाली, 'आहे.' त्याच क्षणी परळहून दुसरी विचारणा आली. तिलाही उत्तर मिळाले, 'आहे.' दोन्ही उत्तरे खरी होती. मग दोघांनीही नावे नोंदवली, आणि रात्री गाडीत एका बर्थवर दोन आजी! चूक कोठे झाली? उत्तर मिळाल्यापासून नाव लिहीपर्यंत जो निमिष गेला, तेवढ्यात ते उत्तर शिळे झाले.

यावर उपाय असा, की नियम नोंदवहीतच घालायचा. सोयीसाठी सारा प्रवास एकाच टप्प्याचा मानू. मग गाडी, तारीख, डबा आणि बर्थ ही चौकडी नोंदवहीत दुसऱ्यांदा लिहिता येणार नाही, असे डेटाबेसला बजावता येते. दुसरे नाव आले, की डेटाबेस स्वतःच नकार देतो. आपल्या आज्ञावलीने तो नकार झेलून ४०९ हा संकेतांक आणि 'बर्थ नुकताच गेला' असा निरोप द्यावा. म्हणजे आधीची विचारणा व्यर्थ का? नाही. तिच्यामुळे बहुतेकांना झटपट उत्तर मिळते. पण हमी मात्र लिहितानाच्या नियमाचीच.

करून पाहा : एका मित्राकडे वही द्या, तीत एकच जागा रिकामी ठेवा. दोघांनी 'जागा आहे का?' असे विचारून आपल्या बाकावर परत जायचे आणि नंतर येऊन नाव लिहायचे. वही सांभाळणाऱ्याने पुन्हा काही तपासायचे नाही. नंतर हाच खेळ 'भरलेल्या जागेवर दुसरे नाव लिहू द्यायचे नाही' या नियमाने खेळा. दोन्ही वेळच्या वह्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे संगणकातला हा घोटाळा वर्गातच उलगडेल.