अधिभरणाचे दोन मार्ग : मूळ एंजिनास टर्बोचार्जर, की टर्बो-एंजिनाची स्थापना?

मोटारगाडीची शक्ती वाढवावयाची झाल्यास दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग असा की, कारखान्यातून आलेल्या साध्या एंजिनासच टर्बोचार्जर जोडावा. दुसरा असा की, ते एंजिन काढून त्या जागी मुळातच टर्बोचार्जरसह निर्माण केलेले एंजिन बसवावे. या दोहोंची तुलना सामान्यतः खर्च व श्रम यांच्या आधारे केली जाते. परंतु ही तुलना अपुरी होय. प्रत्येक यंत्रभागात नित्याच्या भारापेक्षा काही अधिक सामर्थ्य राखून ठेवलेले असते. शक्ती वाढविणे म्हणजे ही शिल्लक खर्च करणे. ती कोणत्या भागातून खर्च होणार आणि ती आधी मोजली गेली आहे काय, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

टर्बोचार्जरचे मूळ तत्त्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याच्या १९०५ च्या एकस्वात आढळते. इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एकतृतीयांश भाग निष्कास वायूंबरोबर वाया जातो. या वायूंनी एक लहान टरबाइन फिरवावयाचे व त्याच दंडावरील संपीडकाने सिलिंडरात अधिक हवा दाबून भरावयाची, अशी ही योजना आहे. हवा अधिक म्हणजे जाळता येणारे इंधन अधिक, आणि म्हणून शक्तीही अधिक. मोटारगाडीच्या टर्बोचार्जरचा दंड मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. साहजिकच त्याच्या धारव्यांस स्वच्छ तेलाचा अखंड पुरवठा आवश्यक असतो.

तथापि दाब वाढला की तापमानही वाढते. २७° से. तापमानाची हवा दीडपट दाबापर्यंत संपीडित केली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे ८०° से. होते. त्यामुळे दाब ५० टक्क्यांनी वाढूनही घनता केवळ २७ टक्क्यांनी वाढते. मध्यशीतक बसवून ती हवा ४७° से. पर्यंत थंड केली, तर घनतेतील वाढ ४१ टक्क्यांवर जाते. मध्यशीतकामुळे शक्ती वाढते ती अशी. पण त्याचे खरे महत्त्व सिलिंडरातील पुढील घटनेत आहे.

सिलिंडरात हीच हवा पिस्टनकडून पुन्हा दाबली जाते. संपीडन गुणोत्तर १०.२५ व संपीडनाचा घातांक १.३५ धरला, आणि सिलिंडराच्या भिंतींकडून मिळणारी उष्णता सोडून दिली, तर साध्या एंजिनात संपीडनाच्या अखेरीस तापमान सुमारे ६७७ केल्व्हिन होते. ८०° से. ची अधिभारित हवा आत घेतल्यास तेच तापमान सुमारे ७९७ केल्व्हिनपर्यंत पोचते. अशा स्थितीत ज्योत पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. यासच कार्यशाळेत ‘नॉकिंग’ म्हणतात. त्यातून उद्भवणाऱ्या दाबलहरींनी पिस्टनवरील संरक्षक वायुथर नाहीसा होतो आणि पिस्टनचा माथा वितळू लागतो किंवा कड्यांमधील भाग तुटतो. संपीडन गुणोत्तर ८ पर्यंत उतरविल्यास हे तापमान सुमारे ७३१ केल्व्हिनवर येते. याकरिताच टर्बो-एंजिनाच्या रचनेत संपीडन गुणोत्तर कमी ठेवण्याची प्रथा पडली.

येथे एक भेद लक्षात ठेवणे इष्ट होय. संयोगदांड्यावर पडणारा ताण मुख्यतः जडत्वामुळे येतो व तो एंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अधिभरणाने वाढतो तो वायुदाबाचा संपीडक भार. वेग न वाढविता अधिभरण माफक ठेवले, तर चांगल्या स्थितीतील एंजिनाचे दांडे व क्रँकशाफ्ट हा भार बहुधा सोसतात. पिस्टन, निष्कास झडपा व शीतनव्यवस्था यांवरील उष्णतेचा भार मात्र ताबडतोब जाणवतो. मूळ एंजिनातील शिलकीचा अंत बहुधा याच ठिकाणी होतो.

या दोन दृष्टिकोनांतील अंतर जनरल मोटर्सच्या १९६२ मधील दोन गाड्यांत स्पष्ट दिसते. ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ एंजिन होते. टर्बोचार्जर बसवितानाही त्याचे १०.२५ हे उच्च संपीडन गुणोत्तर कायम राखण्यात आले आणि शक्ती १८५ वरून २१५ अश्वशक्तीवर गेली. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण अंतर्ग्रहण मार्गात फवारण्याची योजना होती. त्याची टाकी रिकामी झाल्यास अधिभरण रोखणारी व्यवस्थाही केलेली होती. पण अनेक मालकांनी टाकी वेळेवर भरली नाही, आणि नाजूक नियंत्रणव्यवस्थेच्या तक्रारी वाढल्या. दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी गाड्या तयार झाल्या, आणि १९६५ साली कंपनीने टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दर्शविली.

त्याच वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर गाडीत वेगळा मार्ग पत्करण्यात आला. तिच्या २.४ लिटरच्या वायुशीतित एंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९ वरून ८ वर उतरविले गेले. क्रँकशाफ्टसाठी क्रोमियमयुक्त पोलाद वापरले गेले आणि निष्कास झडपांसाठी अधिक उष्णतारोधक मिश्रधातू योजला गेला. १०२ अश्वशक्तीच्या एंजिनापासून १५० अश्वशक्ती मिळू लागली, आणि फवारणीची गरज उरली नाही. ही रचना पुढे १९६६ पर्यंत, वाढीव आकारमानासह, चालू राहिली. एंजिन जवळजवळ तेच राहिले. पण ज्या भागांतील शिलकीचा व्यय होणार होता, ते भाग आधीच बदलले गेले.

संपीडन गुणोत्तर उतरविण्याचेही मूल्य द्यावे लागते. वरील घातांकाने गणित केल्यास गुणोत्तर १०.२५ वरून ८ वर आणल्याने आदर्श कार्यक्षमता सुमारे सात टक्क्यांनी घटते. अधिभरण नसताना, म्हणजे गर्दीच्या रस्त्यावर गाडी हळू चालत असताना, ही तूट सतत भोगावी लागते. अलीकडील टर्बो-एंजिनांत १० च्या आसपासचे गुणोत्तर वापरता येते, कारण इंधन थेट सिलिंडरात फवारल्याने मिश्रण थंड होते आणि नॉकिंगची चाहूल लागताच इलेक्ट्रॉनिक नियंत्रक प्रज्वलनाची वेळ मागे घेतो. साध्या एंजिनाच्या नियंत्रकाची गणिते मात्र वातावरणाच्या दाबापुरतीच असतात. अनेक गाड्यांतील दाबसंवेदकास त्यापलीकडचा दाब मोजताच येत नाही. म्हणून टर्बोचार्जर जोडूनही इंधन व प्रज्वलन यांची पुनर्रचना केली नाही, तर मिश्रण विरल होऊन एंजिनाचा नाश ओढवतो.

यावरून एंजिन बदलणे सर्वथा श्रेयस्कर, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जनरल मोटर्सनेच १९८९ साली पाँटिॲक ट्रान्स ॲमच्या विसाव्या वर्षानिमित्त, त्या गाडीत ब्युइकचे ३.८ लिटरचे टर्बो व्ही-६ एंजिन बसविले. एंजिन सिद्ध झालेले, निर्माता एकच. तरीही त्या अरुंद एंजिनकक्षात ते मावण्यासाठी सिलिंडरमाथे बदलावे लागले, त्यांस अनुरूप पिस्टन योजावे लागले आणि गाडीच्या नेहमीच्या स्वयंचलित गिअरपेटीऐवजी ब्युइक एंजिनास जुळणारी दुसरी गिअरपेटी घ्यावी लागली. अशा सुमारे दीड हजार गाड्या झाल्या आणि त्यांची घोषित शक्ती २५० अश्वशक्ती होती. मोठ्या कारखान्यास एवढा खटाटोप पडला, तर एखाद्या कार्यशाळेस क्लच, मागील आस, रेडिएटर, विद्युत्‌तारा व एंजिनाचे आधार या प्रत्येकाचा स्वतंत्र हिशेब मांडावा लागतो. अज्ञात शिल्लक एंजिनातून निघून उरलेल्या गाडीत जाऊन बसते.

ब्रेकच्या बाबतीत तर दोन्ही मार्गांवर सुटका नाही. गाडीचा वेग २० टक्क्यांनी वाढल्यास थांबविताना शोषावयाची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. शक्ती कोणत्याही मार्गाने आलेली असो, ही ऊर्जा जुन्याच चकत्यांस व पट्ट्यांस उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. भारतात या तांत्रिक विचारास कायद्याचीही मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही.

सारांश, इच्छित वाढ अल्प असेल, एंजिन निर्दोष असेल आणि इंधन व प्रज्वलन यांचे नियंत्रण नव्याने बसविता येत असेल, तर मूळ एंजिनास टर्बोचार्जर जोडणे समर्थनीय ठरते. पिस्टन, झडपा व माथ्याची जोडणी बदलल्यावाचून ती वाढ साधत नसेल, तर जुळणारे टर्बो-एंजिन शोधणेच बहुधा अधिक काटकसरीचे होते. मात्र चाकांपर्यंतच्या प्रत्येक भागाची तपासणी त्या खर्चात आधीच धरली पाहिजे. निवड करण्यापूर्वी दोन्ही मार्गांवरील सर्वांत दुबळा भाग कोणता, हे कागदावर मांडता आले पाहिजे. ते मांडता येत नसेल, तर त्या भागाचा शोध चालत्या गाडीत लागतो, आणि तो चालकास व रस्त्यावरील इतरांस महाग पडतो.