घरगुती टाकीसाठी जुळत्या माशांची निवड

भाईंदर, उत्तन ही नावे घेतली की मिठागरे आणि समुद्राची मासळी डोळ्यांपुढे येते. अलीकडे मीरा-भाईंदरमधील घरांत गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांची काचेची टाकीही दिसू लागली आहे. परंतु केवळ रंग पाहून अनेक जाती एकदम आणून सोडल्या, तर थोड्याच दिवसांत त्यांतील बरेच मासे दगावतात. मासे रोगट निघाले असा समज होतो. वस्तुतः दोष बहुधा निवडीचा व घाईचा असतो.

मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात खाऱ्या व गोड्या पाण्यातील मासे निरनिराळ्या टाक्यांत ठेवीत असत. गोड्या पाण्यातील सर्व जातीही एकत्र नांदत नाहीत. म्हणून पुढील बाबी पाहाव्यात.

पाणी : खाडीलगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असण्याचा संभव असतो, नवशिक्याने नळाचे पाणी वापरावे. त्यातील क्लोरीन कल्ल्यांस अपायकारक असल्याने ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे. निऑन टेट्रास मृदू पाणी मानवते, तर गप्पी, प्लॅटी व मॉली यांस क्षारयुक्त जड पाणी. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा असून तो घाणही फार करतो. त्यास इतरांबरोबर ठेवू नये.

स्वभाव : टायगर बार्ब हा गप्पीच्या शेपट्या व एंजलचे लांब पर कुरतडतो. मोठा झालेला एंजल निऑनसारखे लहान मासे गिळतो. फायटर जातीचे दोन नर एकत्र ठेवल्यास झुंज अटळ असते. झेब्रा डॅनिओ कळपाने राहणारा असल्याने सहांपेक्षा कमी आणू नयेत.

पूर्ण वाढ : दुकानातील पिल्लावरून अंदाज करू नये. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा ३० सेंटिमीटरहून अधिक वाढतो. लहान टाकीत त्यास स्थान नाही.

प्रारंभ : ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते, वाळू-दगड घातल्यावर त्याहून कमी. तीत सहा झेब्रा डॅनिओ व तीन प्लॅटी (एक नर, दोन माद्या) ही जोड सोयीची ठरते. डॅनिओ आपल्याच उपखंडातील ओढ्यांतला, काटक मासा आहे. तो उडी मारतो, म्हणून टाकीस झाकण हवे.

सर्व मासे एकदम सोडू नयेत. विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. वाळूत व गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर कमी घातक नायट्रेट करतात. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे ठेवावेत, खाद्य चिमूटभरच द्यावे आणि दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये.

मासे नकोसे झाल्यास तलावात, नाल्यात वा खाडीत सोडू नयेत. सकरसारखे परदेशी मासे अनेक भारतीय जलाशयांत असेच पसरले असून स्थानिक मासळीच्या वाट्याचे अन्न व जागा व्यापतात. ते दुकानदारास परत करावेत किंवा दुसऱ्या हौशी पालकास द्यावेत.