रात्रीची भाकरी सकाळीही पोटातच

दोन घास खाल्ले की पोट गच्च. सकाळी उलटी झाली तर तीत रात्रीच्या भाकरीचे, मेथीच्या पानांचे तुकडे जसेच्या तसे. जुन्या मधुमेहात असं दिसलं की ‘पित्त झालं’ म्हणून आपण सोडा घेतो. मूळ मात्र अनेकदा व्हेगस नावाच्या नसेत असतं. मेंदूतून पोटापर्यंत उतरणारी ही नस जठराला अन्न घुसळून पुढे ढकलायला लावते. वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने ती दुबळी होते, जठर सुस्तावतं. १९५८ साली पॉल कॅसँडर यांनी याला ‘गॅस्ट्रोपॅरेसिस’ म्हटलं.

खरा धोका पुढे आहे. इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं, पण अन्न आतड्यात पोचलेलंच नसतं. मग जेवूनही साखर घसरते, हात थरथरतात, घाम फुटतो. काही तासांनी तीच साखर भलतीच चढते. घरचे म्हणतात, पथ्य मोडलं असणार. हा आरोप फार अन्यायाचा आहे.

तपासणीत किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं अन्न देतात. ४ तासांनीही १० टक्क्यांहून जास्त जठरातच उरलं, तर जठर मंदावलंय हे कळतं. मधुमेहात कोशिंबीर, कोंडा चांगला हे आपण घोकलेलं. इथे मात्र चोथा आणि तेल-तूप दोन्ही जठरात रेंगाळतात. त्यापेक्षा मऊ शिजवलेलं, थोडं थोडं, दिवसातून ५-६ वेळा खाल्लेलं सोसतं.