‘जरा काम होतं’ आणि स्पॅनिश व्याकरण

दारात उभा असलेला माणूस ‘जरा काम होतं तुमच्याकडे’ म्हणतो, तेव्हा त्याचं काम अजून सुरूही झालेलं नसतं. तरीही तो ‘होतं’ म्हणतो, कारण ‘आहे’ अंगावर येतं आणि ‘होतं’ चार पावलं मागे थांबतं. स्पॅनिश शिकणाऱ्यांना धडकी भरवणारा ‘इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह’ हा क्रियापदाचा प्रकार याच समजुतीवर उभा आहे. त्याच्या नावातला ‘इम्परफेक्ट’ म्हणजे भूतकाळ, ही बहुतेक वेळा वास्तवापासूनचं अंतर मोजायची पट्टी असते.

नियमित क्रियापदांचं रूपही भूतकाळातूनच निघतं. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबिर (राहणे) यांची ‘ते बोलले, त्यांनी खाल्लं, ते राहिले’ या अर्थाची रूपं आब्लारोन, कोमिएरोन, बिबिएरोन अशी होतात. त्यांतलं ‘रोन’ काढून ‘रा’ जोडलं की आब्लारा, कोमिएरा, बिबिएरा तयार. पुरुष-वचनानुसार प्रत्यय बदलतात ते असे: रा, रास, रा, रामोस, राइस, रान. जपायचा तो आघात: ‘ब्ला’वर जोर दिला तर हे रूप, शेवटच्या ‘रा’वर दिला तर ‘तो बोलेल’ असा सरळ भविष्यकाळ. ‘रा’ऐवजी ‘से’ही चालतं, पण बोलण्यात ‘रा’च जास्त. हा ‘रा’ लॅटिनमध्ये ‘बोलला होता’ अशा खऱ्याखुऱ्या घटनेचा प्रत्यय होता. तोच पुढे न घडलेल्याकडे सरकला. म्हणून ‘सि बिबिएरा एन माद्रिद’ म्हणजे ‘मी माद्रिदला राहत असतो तर’. आपल्या संकेतार्थातला ‘असतो’ इथे नेमका बसतो.

यावर आक्षेप असा, की ‘केरीआ के आब्लारास’, म्हणजे ‘तू बोलावंस असं मला वाटत होतं’, यात तर निव्वळ काळ आहे. खरं आहे. मराठीत ‘वाटतं’चं ‘वाटत होतं’ झालं तरी ‘बोलावंस’ जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र मुख्य क्रियापद मागे गेलं की ‘बोलावंस’साठीच्या ‘आब्लेस’चं ‘आब्लारास’ होतं. पण तू बोललास की नाही, हे त्या वाक्यातही अनिश्चितच राहतं. अधिक अवघड आक्षेप ‘तू बोललास याचा आनंद झाला’ अशा वाक्यांचा. बोलणं घडलेलं असूनही स्पॅनिश इथे आब्लारासच वापरते. मात्र ‘तू बोललास’ ही बातमी देणं हा इथे हेतू नसतो, घडलेल्यावर फक्त मन व्यक्त होतं.

मराठी माणसाची खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. ‘तो उद्या पोहोचला तर’ यातला भूतकाळ पाहून तो येगार (पोहोचणे) या क्रियापदाचं ‘येगारा’ म्हणून बसतो. पण ही साधी शक्यता आहे; स्पॅनिशमध्ये तिला वर्तमानकाळी ‘सि येगा’च पुरतं. ‘सि येगारा’ हवं ते ‘पोहोचलाच तर’साठी. स्पॅनिशला ज्यासाठी वेगळं रूप लागतं, ते अंतर आपण एका ‘च’ने दाखवतो.