चेंबरची गळती

कोकणात आपल्या पूर्वजांस ‘शनवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल काढावयाचे आणि शब्बाथला घाणा बंद ठेवावयाचा, यावरून ते नाव पडले. आज आम्ही तेलाचीच, पण अगदी निराळ्या यंत्राची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात सुमारे ३,००० फूट उंचीवर रेडमंड हे शहर आहे. (संगणकामुळे गाजलेले रेडमंड वॉशिंग्टन राज्यात, ते निराळे.) सुटे भाग विकत घेऊन ज्याने त्याने स्वतः जोडावयाची विमाने पुरविणारी लँकेअर कंपनी पुष्कळ वर्षे येथे होती, २०१७ साली तिची मालकी बदलली व ती टेक्सासला गेली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वशिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केले असेल, तर अमेरिकन सरकार त्यास ‘प्रायोगिक’ म्हणून परवाना देते. साहजिकच इंजिनाच्या बारीकसारीक दुखण्यांचा भार बांधणाऱ्यावरच पडतो.

त्यांतील नेहमीचे दुखणे म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधून होणारी गळती. मोटार वाटेत थांबविता येते. आकाशात ती सोय नाही. तेल संपले तर इंजिन जखडते, तापलेल्या धुराच्या नळीवर पडले तर आगीचे भय.

परंतु चेंबर ओले दिसले म्हणजे दोष चेंबरचाच, असे नव्हे. वरच्या झाकणांतून वा पंख्याकडील सीलमधून झिरपलेले तेल वाऱ्याने मागे व खाली येते. रेडमंडसारख्या थंड प्रदेशात इंजिनाची वाफ बाहेर टाकणारी नळी बर्फाने तुंबते, आतला दाब वाढतो आणि सील तेल सोडते. म्हणून इंजिन स्वच्छ धुऊन, वाळवून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी व थोडा वेळ चालवावे. ओली रेघ उगमाचा पत्ता सांगते.

दोष चेंबरचाच ठरल्यास ते उतरवावे. पत्र्याचे चेंबर असेल तर बोल्ट वाजवीपेक्षा अधिक आवळल्यामुळे भोकांभोवतीची कड उचललेली आढळते. ती सपाट ठोकून घ्यावी. जुने गॅस्केट खरवडून दोन्ही कडा तेलविरहित कराव्यात. इंजिनाच्या पुस्तकात सिलिकॉन लावण्यास मुभा असेल तर त्याची बारीक रेघ पुरे. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, आळीपाळीने, पुस्तकातील मापाने टॉर्क पान्यानेच आवळावेत.

येथे सढळ हात घातक ठरतो. जास्तीचे सिलिकॉन आत दाबले जाते, त्याचे तुकडे सुटून तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. बाहेरची गळती थांबलेली दिसते आणि आत इंजिन तेलावाचून कोरडे पडते. गळणारे चेंबर निदान इशारा तरी देते. तुंबलेली जाळी तोही देत नाही.

सिलिकॉन हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि त्यास साधारण २४ तास लागतात. ही घाई करण्याची वेळ नव्हे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पुरेसा अवधी ठेवून चेंबर बसवावे, शब्बाथ पाळावा, आणि रविवारी जमिनीवरच इंजिन चालवून पुन्हा तपासावे. त्यानंतरच कुटुंबीयांस विमानात बसविण्याचा विचार करावा. शनवार तेल्यांच्या वंशजांस हा विश्राम जड जाऊ नये, असे आम्हांस वाटते.